नोंद ‘बंद’ झाली असे केव्हा म्हणावे?

प्रत्येक शाळेत शेरेबुक असते. तपासणीस आलेले अधिकारी त्यात आपले अभिप्राय लिहितात, आणि काही दिवसांनी मुख्याध्यापक एकेका शेऱ्याची पूर्तता केल्याचे कळवितात. ‘दुसऱ्या वर्गखोलीचे छप्पर उत्तरेच्या बाजूस गळते’ असा शेरा ऑगस्टमध्ये पडला. ‘कौले बदलून घेतली’ अशी पूर्तता डिसेंबरात लिहिली गेली आणि शेरा निकाली निघाला. पुढच्या जूनमध्ये पहिल्याच सरीला त्याच कोपऱ्यात पाणी ठिबकू लागले, तर तो शेरा डिसेंबरात खरोखर निकाली निघाला होता काय? मुख्याध्यापकांनी खोटे काही लिहिले नव्हते; कौले बदललीच होती. परंतु ‘काम केले’ आणि ‘दोष गेला’ या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत, आणि शेरेबुकात त्या दोहोंसाठी रकाना एकच होता.

या साध्या भेदावर आज फार मोठी यंत्रणा उभी आहे. औषधांचे, वैद्यकीय उपकरणांचे, विमानांच्या सुट्या भागांचे कारखाने आपल्या कामात आढळलेल्या दोषांच्या नोंदी संगणकावर ठेवतात आणि प्रत्येक नोंद ठरलेल्या क्रमाने एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेतात. ज्या संगणक-प्रणालीत हे काम चालते तिला गुणवत्ता व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हणतात. आपल्या ग्रामीण शाळांतून शिकून गेलेली कित्येक मुले तारापूर, कुरकुंभ, वाळूज येथील औषध कारखान्यांत अशा प्रणालींवर काम करीत असतात. आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर भरू लागल्यापासून आपण शिक्षकही त्याच जातीच्या कामात पडलो आहोत. म्हणून नोंदींची ही वाटचाल कशी होते ते थोडे सविस्तर पाहू. उदाहरण औषध कारखान्याचे घेऊ, कारण तेथील नोंदीच्या मागे कोणा अनोळखी माणसाचा जीव असतो.

संगणक येण्यापूर्वीही अवस्था होत्याच. त्या पिंपांवर चिकटविलेल्या असत. कच्चा माल कारखान्यात आला की प्रत्येक पिंपावर ‘तपासणी व्हावयाची आहे’ अशी चिठ्ठी लागते. ती बहुधा पिवळी असते. प्रयोगशाळेने नमुना तपासून योग्य ठरविला की तिच्या जागी हिरवी चिठ्ठी येते. अयोग्य ठरविला तर लाल चिठ्ठी लावून पिंप वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवतात. रंगांची प्रथा कारखान्यागणिक थोडीफार बदलते, परंतु या तीन अवस्था सर्वत्र आढळतात. आपल्या देशाच्या १९४५ च्या औषध नियमांस जोडलेल्या ‘शेड्यूल एम’मध्येही माल कोणत्या स्थितीत आहे हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले असावे, असे बंधन आहे.

या चिठ्ठीचे महत्त्व समजण्यासाठी ग्लिसरिनचे उदाहरण पुरेसे आहे. ग्लिसरिन हे दाट, रंगहीन, गोडसर द्रव्य अनेक औषधांत वापरतात. डायएथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यांत लागणारे द्रव्यही दाट, रंगहीन आणि गोडसरच असते. परंतु ते पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात. डोळ्यांना दोहोंत काही फरक दिसत नाही. १९३७ साली अमेरिकेत एका पातळ औषधात हेच द्रव्य विद्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याची भेसळ असलेले ग्लिसरिन दिले गेल्याने चौदा रुग्ण मरण पावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली, हे ज्येष्ठ शिक्षकांस स्मरत असेल. कोठारात उभ्या असलेल्या कामगारास पिंपातील द्रव्य ओळखण्याचे साधन चिठ्ठीवाचून दुसरे नाही. पिवळी काढून हिरवी लावावयास अर्धे मिनिटही लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटाच्या मागे प्रयोगशाळेतील एक संपूर्ण दिवस उभा आहे की नाही, हाच खरा प्रश्न असतो.

कोठारातील कामगाराला चिठ्ठी बदलण्यास हात आहेत, परंतु अधिकार नाही. कागदाच्या जगात हात आणि अधिकार यांच्यामध्ये केवळ माणसाची सचोटी उभी असते. संगणक-प्रणालीने केलेली मुख्य सोय ही, की ज्याला अधिकार नाही त्याच्या हातालाही तेथे वाट मिळत नाही.

आता एक नोंद आरंभापासून पाहू. समजा, गोळ्यांसाठी केलेले दाणेदार मिश्रण वाळविताना वाळवणयंत्रातील हवा ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये असा नियम आहे. एका रात्रपाळीत ती २५ मिनिटे ६८ अंशांवर राहिली. ठरलेल्या रीतीपासून असे जे दूर जाणे होते त्यास कारखान्यात ‘डेव्हिएशन’ म्हणतात. आपण विचलन म्हणू. ज्याच्या पाळीत ते घडले तो कामगार किंवा पर्यवेक्षक संगणकावर नोंद उघडतो. या वेळी ती ‘मसुदा’ अवस्थेत असते: लिहिणाऱ्याला तीत खाडाखोड करता येते, वाक्य बदलता येते. ‘दाखल’ म्हणून त्याने ती पुढे पाठविली की मजकुराला कुलूप लागते. काय घडले, केव्हा घडले, कोणाच्या लक्षात आले, यातील अक्षरही त्याला आता गुपचूप बदलता येत नाही. पुढे गुणवत्ता विभागाचा अधिकारी छाननी करून विचलन गौण, मोठे की गंभीर ते ठरवितो. त्या वेळी वाळविलेल्या मालाची खेपही अडवून ठेवली जाते. मग नोंद ‘तपास’ अवस्थेत जाते, तपासानंतर ‘उपाय’, उपायानंतर ‘मान्यता’, आणि सरतेशेवटी ‘बंद’. निरनिराळ्या कारखान्यांत ही नावे निरनिराळी असतील, एखादी अवस्था कमीजास्त असेल. चाल मात्र अशीच असते.

एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या या क्रियेस आपण संक्रमण म्हणू. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो तेव्हा आपण हाच शब्द वापरतो. प्रणाली बसविताना प्रत्येक संक्रमणाविषयी आधीच ठरवून ठेवावे लागते: ते कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत होईल, ते करण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या अटी पुऱ्या झाल्यावाचून ते होणार नाही, आणि ते झाल्याबरोबर आपोआप काय घडेल. आपल्या उदाहरणात ‘तपास’मधून ‘उपाय’कडे जाण्यासाठी कारणाचा रकाना भरलेला असला पाहिजे आणि तपास करणाऱ्याने सही केलेली असली पाहिजे, अशी अट असते. रकाना रिकामा असेल तर पुढे जाण्याचे बटन चालतच नाही. संक्रमण झाले की पुढील अधिकाऱ्यास सूचना जाते, मुदतीची तारीख लागते आणि मागील रकाने बंद होतात. अवस्था म्हणजे नोंदीच्या कपाळी लावलेला केवळ टिळा नव्हे. या क्षणी ही नोंद कोणाच्या जबाबदारीवर आहे हेही ती सांगते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली संगणकावरील नोंदी व सह्या यांविषयी ‘भाग ११’ या नावाने ओळखला जाणारा नियम लागू केला. आपल्याकडील जे कारखाने अमेरिकेस औषधे पाठवितात त्यांनाही तो पाळावा लागतो. त्यात असे सांगितले आहे, की जेथे पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा असेल तेथे तो क्रम प्रणालीनेच पाळवून घेतला पाहिजे. नोंदीत केलेल्या प्रत्येक बदलाचा मागोवा दिवस व वेळ यांसह आपोआप लिहिला गेला पाहिजे, आणि नव्या मजकुराखाली जुना झाकला जाता कामा नये. सहीविषयीचे कलम तर मला फार शहाणपणाचे वाटते. सहीबरोबर सही करणाऱ्याचे नाव, दिवस आणि वेळ तर दिसली पाहिजेच, परंतु त्या सहीचा अर्थही दिसला पाहिजे. सही लिहिणारा म्हणून आहे, तपासणारा म्हणून आहे, की मंजुरी देणारा म्हणून आहे? आपण मुख्याध्यापक शिक्षकांच्या टाचणवहीवर दर आठवड्यास सही करतो. ती ‘पाहिले’ची सही असते की ‘मान्य’ची? माझ्या स्वतःच्या कित्येक सह्यांचा अर्थ मला आज सांगता येणार नाही.

नोंद नेहमी पुढेच जाते असे समजू नये. तपासात लिहिलेले कारण गुणवत्ता विभागास पटले नाही तर तो नोंद मागे पाठवितो, आणि चांगल्या प्रणालीत मागे पाठविताना हेतू लिहावाच लागतो. आमच्या उदाहरणात पहिल्या तपासाने असे लिहिले, की ‘कामगाराचे दुर्लक्ष झाले, त्यास समज देण्यात आली’. जगातील निम्म्या तपासांचा शेवट याच वाक्याने होत असावा, अशी शंका येते. त्यात श्रम थोडे आणि गरिबाकडे बोट दाखविणे सोपे. गुणवत्ता विभागाने नोंद परत केली आणि विचारले, ‘हवा इतकी तापली तर धोक्याची घंटा का वाजली नाही?’ दुसऱ्या तपासात असे आढळले, की महिन्यापूर्वी उष्णतामापक बदलताना घंटेची मर्यादा ६२ अंशांऐवजी ७० अंशांवर राहून गेली होती. कामगार निर्दोष ठरला. नोंद मागे जाऊ शकली म्हणूनच खरे कारण हाती लागले. ‘परत पाठविलेले’ म्हणजे अपयश, असे मानून जे अधिकारी खालच्यांवर रागावतात ते नोंदी सुधारीत नाहीत. नोंदी चटकन पुढे ढकलण्याची सवय मात्र लावतात.

कारण कळल्यावर उपायाची पाळी. येथे पुन्हा आपले छप्पर उपयोगी पडते. गळतीखाली बादली ठेवणे ही तात्पुरती सुधारणा झाली. फुटलेले कौल बदलणे हा दोषाच्या कारणावरील उपाय झाला. बाकीच्या खोल्यांची कौलेही तपासून घेणे हा प्रतिबंधक उपाय झाला. कारखान्यात घंटेची मर्यादा पुन्हा ६२ वर आणणे ही सुधारणा; प्रत्येक दुरुस्तीनंतर घंटा वाजवून पाहिल्याशिवाय यंत्र सुरू करू नये, असा नियम करणे हा उपाय; आणि इतर वाळवणयंत्रांच्या घंटा तपासणे हा प्रतिबंध. पुष्कळ प्रणालींत असे उपाय मूळ नोंदीची अपत्ये म्हणून स्वतंत्र नोंदले जातात. त्यांतील एखादे अपत्य अपुरे असेल तर मूळ नोंदीस ‘बंद’कडे जाऊ द्यावयाचे नाही, अशी अट तेथे घालता येते.

उपाय झाले की नोंद बंद करण्याची घाई सर्वांनाच होते. विचलनाची नोंद तीस दिवसांत बंद व्हावी अशी मुदत पुष्कळ ठिकाणी असते आणि किती नोंदी मुदतीबाहेर गेल्या याचा तक्ता वरिष्ठांपुढे ठेवला जातो. मुदत वाईट नव्हे. तीवाचून नोंदी वर्षानुवर्षे कुजत पडतात. परंतु एकोणतिसाव्या दिवशी बंद झालेल्या नोंदींचा ढीग दिसला, की जाणत्या तपासनिसाचे लक्ष प्रथम तेथेच जाते. यावर तोड म्हणून चांगल्या प्रणालीत ‘उपाय पूर्ण’ आणि ‘परिणामाची पडताळणी’ या दोन अवस्था वेगळ्या ठेवतात. घंटेच्या बाबतीत पडताळणी म्हणजे पुढील तीन महिन्यांतील प्रत्येक दुरुस्तीनंतर घंटा तपासली गेली काय, आणि हवा पुन्हा मर्यादेबाहेर गेली काय, हे पाहणे. तीन महिने गेल्यावाचून ही पडताळणी होणेच शक्य नाही. छपराची पडताळणी डिसेंबरात होत नाही, ती पावसातच होते, तसेच हे आहे.

बंद केलेली नोंद पुढे चुकीची ठरली तर? ती पुन्हा उघडता येते, परंतु अधिकार थोड्यांनाच असतो, कारण लिहावे लागते, आणि पूर्वी ती बंद केली गेली होती ही गोष्ट मागोव्यात कायम राहते. काही कारखाने बंद नोंद उघडीतच नाहीत. नवी नोंद करून तीत जुनीचा क्रमांक देतात. मला ही दुसरी रीत अधिक बरी वाटते, कारण दोष पुन्हा उद्भवला ही वस्तुस्थिती तीत उघड दिसते. ‘रद्द’ ही अवस्था मात्र निराळी. चुकून दोनदा झालेली नोंद रद्द करावी. गैरसोयीची नोंद रद्द करू नये. म्हणून रद्द करण्याचा अधिकार नोंद लिहिणाऱ्याकडे एकट्याकडे ठेवीत नाहीत.

येथवर सर्व दारे कुलूपबंद आहेत असे वाटेल. पण प्रत्येक वाड्याला परसदार असते. प्रणाली सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाला कोणतीही नोंद कोणत्याही अवस्थेत थेट नेऊन ठेवण्याची शक्ती बहुधा दिलेली असते. ती लागतेही. मान्यता देणारा अधिकारी नोकरी सोडून गेला आणि नोंद त्याच्याच नावावर अडकली. किंवा कारखान्याने कामाची रीत बदलली, ‘छाननी’ ही अवस्थाच काढून टाकली, आणि त्या क्षणी पन्नास नोंदी छाननीत उभ्या होत्या. त्यांना कोठे तरी न्यावेच लागते. अशा वेळी घाईने सगळ्या नोंदी निवडून एका फटक्यात पुढे सरकविण्याचा मोह होतो. तसे केले तर नोंदी पुढे जातात, पण वाटेतील अटी तपासल्या जात नाहीत; ज्या सह्या व्हावयाच्या त्या होत नाहीत; आणि वर्षभराने पाहणाऱ्यास ‘मान्य’ दिसते, मान्य करणारा दिसत नाही. म्हणून रीत बदलण्यापूर्वी जुन्या प्रत्येक अवस्थेतील नोंद नव्या कोणत्या अवस्थेत जाईल, तेथे तिची कोणती अट अपुरी राहील आणि ती कोण पुरी करील, हे कागदावर लिहून त्यावर गुणवत्ता विभागाची संमती घ्यावी लागते. शंका असेल तेथे नोंद एक पायरी मागे ठेवावी, पुढे ठेवू नये. मागे राहिलेली नोंद फार तर कोणाला एक दिवस जास्त काम देते. परसदारातून नेलेल्या नोंदीचाही मागोवा लिहिला गेला पाहिजे, आणि तो वाचणारा माणूस त्या व्यवस्थापकाहून वेगळा असला पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. २०१५ साली राज्यात ‘सरल’ प्रणाली आली आणि विद्यार्थ्याचे शाळांतर संगणकावर होऊ लागले: नव्या शाळेने मागणी करावयाची, जुन्या शाळेने ती मान्य करावयाची. यू-डायस प्लसमध्ये शाळा सोडून गेलेल्या मुलाची नोंद ‘ड्रॉपबॉक्स’ नावाच्या जागी जाते आणि नव्या शाळेने ती तेथून आपल्याकडे ओढून घ्यावयाची असते. ही ड्रॉपबॉक्स एक अवस्थाच होय, आणि मोठी नाजूक. तीत असलेले मूल कोणत्याच शाळेच्या पटावर नसते.

काही वर्षांपूर्वी कार्तिकात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आमच्या गावी एक कुटुंब आले. त्यांची चौथीतील मुलगी बापाचे बोट धरून शाळेत आली. दाखला बापाच्या खिशात चौघडी घालून ठेवलेला होता. जुन्या शाळेने आपले काम चोख केले होते, मुलीची नोंद रीतसर सोडली होती. मी दाखला घेतला, जनरल रजिस्टरात नाव लिहिले, मुलीला बसावयास जागा दिली. संगणकावर नोंद ओढून घेण्याचे काम ‘नेट आल्यावर करू’ म्हणून राहिले, आणि राहिले ते राहिलेच. मुलगी रोज येत होती, पाढे म्हणत होती, हजेरीस होती; म्हणून काही अपुरे आहे असे मला भासलेच नाही. फाल्गुनात शाळाबाह्य मुलांचा शोध घेण्यासाठी दुसऱ्या शाळेचे एक गुरुजी यादी घेऊन वर्गाच्या दाराशी आले आणि ‘ही मुलगी कोठे राहते, मुले सांगतील का?’ म्हणून त्यांनी तिचे नाव वाचले. नाव ऐकताच ती उभी राहून ‘हजर, गुरुजी’ म्हणाली.

गुरुजी हसले. मला हसू आले नाही. त्याच दुपारी मी तालुक्याला जाऊन नोंद ओढून घेतली. परंतु पुढील वर्षाच्या मोफत पुस्तकांची मागणी पटावरील आकड्यांवरून त्यापूर्वीच गेलेली होती आणि तीत ही मुलगी कोठेच मोजली गेली नव्हती. चैत्रात टोळी परतली. दाखल्याबरोबर मी तिला आमच्या वाचनपेटीतील दोन पुस्तके दिली. ती पुस्तके देणे हीदेखील गळतीखाली ठेवलेली बादलीच होती.

त्या वर्षापासून आमच्या शाळेत दाखला हाती आला की जनरल रजिस्टरातील क्रमांकासमोर पेन्सिलीने एक लहान फुली करतो. संगणकावर मूल आपल्या पटावर दिसल्याखेरीज ती पुसावयाची नाही, आणि पुसणारा शिक्षक नाव लिहिणाऱ्याहून दुसरा असावा, असे ठरविले आहे. दर शनिवारी राहिलेल्या फुल्या मोजतो. शेरेबुकाला जोडून एक साधी वही केली असून तीत पूर्ततेच्या तारखेपुढे पडताळणीची तारीख लिहितो. छपराच्या शेऱ्यापुढे ती ३० जून अशी लिहिलेली आहे.